साहेब दाराबाहेर

आमचा मेहुणा उलटा चालतो. वागण्याने नव्हे हो, पायांनी! शहरातल्या संग्रहालयात तो गाईड आहे, आणि बघायला आलेल्या मंडळींकडे पाठ करून बोलणं त्याच्या जिवावर येतं. त्यामुळे तोंड लोकांकडे, पाठ पुढच्या दालनाकडे आणि पाय मागे मागे. संग्रहालयात तो कधी कशाला धडकला नाही. बाहेरची गोष्ट वेगळी. स्वतःच्या लग्नात पाहुण्यांना जेवायला न्यायला निघाला, तोही उलटा, आणि थेट सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसला. सासरे म्हणाले, "जावईबापू, आलात तसे बसा आता."

आवाज असा की घरात सगळे त्याला भोंगा म्हणतात. माझी बायको त्याची थोरली बहीण. ती म्हणते, हा पाळण्यात रडायचा तेव्हा शेजारचे घर बदलायचे.

तर या भोंग्याचा हुकमाचा एक्का म्हणजे एक दार. मोठ्या दालनात भिंतीला टेकवून ठेवलेलं जुनं लाकडी दार, त्यावर वेली आणि पक्षी असे कोरलेले की हात लावला तर उडतील. वर एका गोऱ्या साहेबाची तसबीर. परक्यांचं राज्य होतं तेव्हा या साहेबाने ते दार कुठल्याशा घराचं काढून आणलं होतं. मेहुणा ती गोष्ट रंगवून सांगायचा. साहेब घोड्यावरून चाललेत, टाळूवर जिभेने टपटप टपटप, ऊन रणरणतंय, साहेबांची नजर दारावर पडते, घोडा थबकतो, "आणि मंडळी, साहेबांनी या कलेचा शोध लावला!" पोरं म्हणायची, काका, घोडा परत! की पुन्हा टपटप.

मग संग्रहालयाला नव्या संचालक बाई आल्या. त्यांनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, घोड्याला मनापासून हसल्या आणि विचारलं, "काका, ते दार हरवलं होतं का?"

"नाही बुवा."

"मग शोध कसला लावला? रोज कुणीतरी त्यातून ये-जा करत होतं की."

मेहुणा वर साहेबांच्या तसबिरीकडे बघायला लागला. बाईंनी समजावून सांगितलं, की आता सगळंच संग्रहालय नव्याने मांडतोय. वस्तू कुणी आणली हे मोठ्या अक्षरात आणि कुणी घडवली, कुणी वापरली हे कुठेच नाही, असं यापुढे नको. दालन तयार झालं की घरच्या माणसांसमोर एक फेरी करून दाखवा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर लोकांच्या कानाला माहिती सांगणारं यंत्र लावू आणि तुम्ही तिकीट खिडकी सांभाळा.

संध्याकाळी आमच्याकडे आला तो तोंड एवढंसं करून. "दाजी, मला काचेआड ठेवणार! त्या मडक्यांसारखं!"

"मडकी गप्प बसतात," बायको म्हणाली. "तुला कोण ठेवतंय? चल, सराव कर." आणि तिने स्वयंपाकघरालाच संग्रहालय केलं. फळीवरचा तांब्या पुढे केला. "हं. सांग याची गोष्ट."

मेहुण्याने घसा खाकरला. "मंडळी, हा तांब्या आमच्या दाजींनी शोधून..."

"शोधून? बाजारातून आणला त्यांनी, तोही चुकीच्या मापाचा. घासते मी. हा पोचा आलाय तो तू लहानपणी... नाही, लहानपणी कसला, मिशी फुटल्यावर डोक्यात घालून नाचत होतास तेव्हाचा. हे सांग!"

"पण त्यात घोडा नाही गं, ताई."

फेरीच्या दिवशी आम्ही दोघं चांगले कपडे घालून गेलो. बाई आदल्या दिवशी त्याला म्हणाल्या होत्या, नवं दालन एकदा बघून घ्या. हा म्हणाला, मॅडम, दालन मला डोळे मिटून पाठ आहे. आणि बघितलं नाही!

झालं. पहिली दालनं अडखळत पार पडली. शब्द चाचपत बोलत होता बिचारा. साहेब ओठांवर यायचे आणि हा गिळायचा. मोठ्या दालनात तो नेहमीसारखा मागे मागे गेला, पाठ टेकायला भिंत असेल या भरवशावर. पण भिंत कुठली? बाईंनी दार दालनाच्या मधोमध चौकटीत उभं केलं होतं, दोन्ही बाजूंना पडदे सोडून आणि बिजागऱ्यांना तेल घालून. दार अलगद उघडलं, मेहुणा आत गेला आणि दार मिटलं.

आम्ही दोघं आणि बाई बाहेर. आतून आवाज नाही. भोंगा गप्प म्हटल्यावर बायकोचा चेहरा पांढरा पडला. "अरे, लागलं का?"

"कोण आहे?" आतून आलं.

"कोण काय? मी!"

"परक्याच्या दारात उभे आहात, मंडळी. कडी वाजवा."

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग कडी वाजवली.

"काय काम काढलंत?"

"दार बघायचंय, बाबा."

"बघा की. पण जाताना घेऊन जाऊ नका. मागे एकजण आले होते घोड्यावरून," आणि आतून टपटप टपटप, "त्यांनी कडी वाजवली आणि जिच्यावर वाजवली ती वस्तूच उचलून नेली!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. दार उघडून मेहुण्याने आम्हाला आत घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो आमच्याकडे पाठ करून बोलला, कारण त्याची नजर दारावरून हटत नव्हती. इतकी वर्षं भिंतीकडे असलेली ती बाजू. अडसराजवळ हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालेलं. दिव्याची काजळी. आणि कडेला चाकूने कोरलेल्या आडव्या रेघा, एकीच्या वर एक, पोरांची उंची मोजलेल्या.

"ही सगळ्यात वरची," तो हळू आवाजात म्हणाला. "हिच्यावर काही नाही. पोरं वाढायची थांबली नसतील हो. दारच गेलं."

"म्हणून तर मधोमध उभं केलं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, तिकीट खिडकीला दुसरा माणूस बघते. पण साहेबांच्या तसबिरीचं काय करू?"

"राहू द्या ना. समोर लावा. बाहेरच्या बाजूला."

आता सगळी फेरीच त्या दाराच्या आतून सुरू होते. मंडळी आत जमली की मेहुणा दार किलकिलं करून बघतो आणि विचारतो, "साहेब अजून उभे आहेत. घ्यायचं का आत?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, नाही! परवा मात्र माझ्या वयाची एक आजीबाई पुढे झाली. म्हणाली, "घ्या हो बिचाऱ्याला, पाय दुखत असतील. पण आधी विचारा, दार परत करणार आहेस का?"