टोक न जुळलेली लाट

उत्तरपत्रिका तपासताना आज किळस आली. अणूच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनच्या स्थिर तरंगाची आकृती काढायची होती. गठ्ठ्यातल्या मुलांनी गाइडमधलीच उतरवली होती: वर्तुळावर साडेचार लाटा, शेवटचं टोक पहिल्याला भेटतच नाही. अशी लाट फेरी मारून आली की स्वतःलाच खोडून टाकते. म्हणून तर कक्षेत पूर्ण लाटाच मावतात. निसर्ग जे टिकू देत नाही, ते आपण छापतो, पाठ करून घेतो आणि वर त्याला गुण देतो.

एका मुलीने मात्र चार लाटा काढून टोकं नेमकी जुळवली होती. खोडरबराने कागद झिजला होता. मी तिला पूर्ण गुण दिले.

मुख्य परीक्षक म्हणाले, "सर, मॉडेल आन्सरमध्येही साडेचारच आहेत. कशाला वाद वाढवता?"

माझी बसची वेळ झाली होती. मी तिचे दोन गुण कापले आणि शेजारी सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, शेवटचं टोक फिरून पहिल्या अक्षराला बरोबर टेकलेलं. त्या सहीकडे मला बघवेना.