प्रभाताईंची लिपस्टिक

प्रभाताई लिपस्टिक लावायच्या ती घरातलं एखादं काम उरकावं तशी. आमच्या नाशिकरोडच्या शाळेत त्या क्लार्क होत्या, मी शिक्षिका. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, कपाळावर बारीक काळी टिकली, साड्या फिक्या. अशी बाई अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये एका सोमवारी गडद लाल ओठांनी मस्टरवर सही करायला आली, दुसऱ्या दिवशीही तशीच आली, आणि स्टाफरूममध्ये व्हायचं ते हसणं झालं.

कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या मनीषाचं लग्न निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांच्या घरी ठरलं होतं. लग्न आठ दिवसांवर आलं आणि मुलाने नकार कळवला. दुकानदाराने साड्या परत घेतल्या, हॉल दुसऱ्याला गेला. मेकअपचा डबा तेवढा राहिला. तीन लिपस्टिक, फाउंडेशनची बाटली, पावडर, नेलपॉलिश. मनीषाने तो उघडलाही नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

“कुणाला तरी देऊन टाका ना, ताई,” मी म्हटलं.

“मोडलेल्या लग्नाचं सामान कोण लावेल? माझ्यासमोर घेतील, आणि घरी जाऊन टाकतील.”

“मग तुम्हीच टाका.”

“चांगली वस्तू टाकवत नाही गं. ठेवली तर वर्षभरात खराब होते म्हणे. मनीच्या डोळ्यांसमोर नासत बसायला नको. वापरलं की संपतं.”

हे त्यांचं नेहमीचंच वाक्य. खडूच्या तुकड्यांबद्दल, पाठकोऱ्या कागदांबद्दल त्या हेच म्हणायच्या. त्या वर्षी मात्र ते म्हणताना आवाज थकलेला असायचा. पहाटे उठून पोळ्या करायच्या, मनीषाचं ताट झाकून ठेवायचं, संध्याकाळी ते बहुतेक तसंच उचलायचं, आणि मधल्या वेळात आमच्या नजरा झेलायच्या.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मी हजेरीपट घेऊन तिथेच उभी होते.

“प्रभाताई, ऑफिसात पालक येतात. तुमच्या परिस्थितीत हे... जरा बरं दिसत नाही.”

“हो सर,” त्या म्हणाल्या. “मार्चपर्यंत संपेल.”

बाहेर येऊन ताई बाकावर टेकल्या. “मला तरी कुठे बरं दिसतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण आता निम्म्याच्या वर झालंय.”

जानेवारीत एका सहकारी बाईंकडे बारसं होतं, म्हणून प्रभाताईंना न्यायला मी घरी गेले. ताई आरशासमोर फाउंडेशनची बाटली हलवत होत्या. तेल वेगळं झालेलं, वास आंबूस. तरी त्यांनी ते गालाला लावलं. जिथे लावलं तिथे कातडी लाल होत गेली.

“ताई, हे बिघडलंय.”

“दोन दिवसांचंच राहिलंय.”

आतल्या खोलीतून मनीषा बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “आई, आण ते इकडे,” म्हणत तिने बाटली काढून घेतली आणि मोरीत रिकामी केली. मग आईचा चेहरा साबणाने धुतला, टिपला आणि बोटावर थोडी लिपस्टिक घेऊन तिच्या ओठांना लावली. ताई डोळे मिटून निमूट उभ्या होत्या. बारशाला पोचायला उशीर झाला.

पुढे मनीषाने लॅबचा कोर्स केला. इगतपुरीच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि ती तिथेच राहिली. निवृत्त झाल्यावर प्रभाताईही तिच्याकडे गेल्या. तिथल्या पावसाने कपडे वाळत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार असायची. दोन हजार सात साली त्या गेल्या.

दहाव्याला भेटले तेव्हा मनीषा म्हणाली, “आईला लिपस्टिक कधीच आवडली नाही, मावशी. ओठ चिकट व्हायचे तिचे. पावडरीने तिला शिंका यायच्या.”

“तुला कधी सांगितलं तिने?”

“सांगितलं नाही. मी पडल्यापडल्या मान वळवून दारातून बघायचे ना रोज सकाळी. तिला वाटायचं मी झोपलेय. ती लावायची, आरशात बघायची, जरा वेळ तशीच थांबायची, मग पर्स उचलून शाळेत जायची. सात महिने बघितलं. मग उठावंच लागलं.”