सांध्यातला डाग

माझे बाबा, देवीदास मेश्राम, रायपूरमधल्या भनपुरीच्या लोखंडाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. रायपूर राजधानी झालं त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या दगडी स्तंभावर तांबूस डाग दिसले, आणि लोकांनी तपासणी बाबांवर सोपवली. त्यांनी डागाची भुकटी खरवडून आणली, आम्लात विरघळवली, त्यात रसायनाचे दोन थेंब टाकले. पाणी लालभडक झालं.

"लोखंड. आमच्या भट्टीची धूळ, दुसरं काय," बाबा म्हणाले.

"धूळ त सगळ्या दगडावर बसते," आई म्हणाली. "डाग सांध्यातूनच काहून उतरून राहिले?"

बायकोनं लॅबवाल्याला असं विचारावं, हे बाबांना रुचलं नाही. त्यांनी वस्तीला सांगितलं, दर चौदा एप्रिलच्या जयंतीआधी स्तंभ घासून धुवायचा. सगळ्यांच्या आधी बादली घेऊन आईच जायची. सात वर्षं ते पाणी सांध्यांतून दगड जोडणाऱ्या आतल्या लोखंडी सळईपर्यंत मुरत गेलं. आठव्या वर्षी गंजून फुगलेल्या सळईनं दगड फोडला.

आई आता नाही. नव्या स्तंभाच्या सांध्यांवरून बाबा रोज बोट फिरवतात. परवा मला म्हणाले, "मोनाली, तिले समजलं होतं. तरी मी सांगतलं म्हणून धूत राहिली."