बघितल्याशिवाय न लिहिणारी

ऐकीव गोष्टींवर विश्वास न ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; पण छापील गोष्टींवरही विश्वास न ठेवणारी व्यक्ती साऱ्या भाईंदरात एकच होती, आणि ती शाळेत माझ्या बाकावर बसायची. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत आम्ही शेजारणी. मी रत्नागिरीहून पोटापाण्यासाठी आलेल्या चाळकरी कुटुंबातली, वडील कारखान्यात. ती जवळच्याच मोरवा गावची, मिठागरावर राबणाऱ्या आईबापांची. पुस्तकात छापलंय म्हणजे ते खरंच असणार अशी माझी श्रद्धा होती. तिची श्रद्धा फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, तीही दोनदा बघून झाल्यावर.

आमचे मराठीचे सर अलंकारांचे भोक्ते. साधं पाणी मागतानाही ते एखादी उपमा देतील की काय असं वाटायचं. एकदा धड्यातल्या नायिकेचे दात मिठासारखे शुभ्र निघाले आणि सर त्या दातांवर अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी हिने रुमालात बांधून आणलेला मिठाचा ओला, करडा, चिखल लागलेला गोळा त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "सर, वाफ्यातून काढतात तवा ह्या असा असतंय. असे दात आसलं त बाईला कोन बघंल?" वर्ग हसून लोळला. सरांनी तो गोळा बोटाने दूर सारला आणि गंभीरपणे सांगितलं, "हे मीठ साहित्यात चालत नाही." तिने वहीत लिहून घेतलं : मीठ दोन प्रकारचं, खायचं आणि लिहायचं.

ही तिची वही म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. अभ्यासाच्या वह्यांना ती कधी कव्हर घालायची नाही, या वहीला मात्र घातलं होतं. आत नुसती माणसं. बाजारात एका गुजराती शेटजींच्या दुकानात तेव्हा टेलिफोन होता. शाळा सुटली की ती समोरच्या ओट्यावर बसून फोन करणाऱ्यांना न्याहाळायची आणि मलाही शेजारी बसवायची. फोन घ्यायच्या आधी पुरुष केसांवरून हात फिरवतात, बायका पदर सारखा करतात आणि पलीकडे साहेब असेल तर माणूस वाकून बोलतो, हे सगळं तिने टिपलेलं. शेटजींनी एकदा वैतागून विचारलं, "लडकी, रोज रोज क्या देखती है?"

"आदमी," ती म्हणाली.

शेटजींनी आम्हाला ओट्यावरून उठवलं नाही. उलट त्या दिवसापासून ते स्वतःही फोनवर जरा ताठ उभे राहून बोलू लागले.

दहावीत सरांनी निबंध दिला, 'रेडिओ आणि समाज'. मी संध्याकाळीच बसून चार पानं भरली. सुरुवातीला संस्कृत सुभाषित, मधे यंत्रयुग, शेवटी मानवाची गगनभरारी. हिचं पान कोरं. "मी बघला न्हाय त लिवू कसा?" मोरव्यात पंचायतीचा रेडिओ होता. आठ दिवस ती रोज संध्याकाळी तिथे गेली, आणि रेडिओकडे पाठ करून, ऐकणाऱ्यांकडे तोंड करून बसली. दोन वेळा मीही गेले. पुढे पुरुष, मागे पोरं, आणि भिंतीच्या पलीकडे, कुणाला दिसू नये अशा बेताने बसलेल्या बायका. त्यांच्याही मागे जांभळीखाली एक म्हातारी एकटीच. मुलगा गेलेला, सून माहेरी गेलेली, गावात तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. शेतीच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला रेडिओतला माणूस म्हणायचा, "नमस्कार मंडळी." बाकी कुणाचं लक्षही नसे. म्हातारी मात्र दोन्ही हात जोडून, दोनच दात उरलेल्या तोंडाने हसून म्हणायची, "नमस्कार बाबा." आणि उठून घरी जायची. पुढचं पीकपाणी तिला ऐकायचं नसे.

हिने निबंधात तेवढंच लिहिलं, पाऊण पान, तेही घरच्या बोलीत. माझ्या गगनभरारीला वीसपैकी सोळा मिळाले, तिच्या म्हातारीला चार. खाली लाल शाईत शेरा होता : 'विषय सोडून. भाषा अशुद्ध.' तिला वाईट वाटलं नाही. तिने सरळ उभं राहून विचारलं, "सर, तुमी मोरव्याला आलाव कवा?" सर म्हणाले, काय संबंध? पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते सायकल हातात धरून पंचायतीपाशी उभे असल्याचं मोरव्याच्या मुलांनी पाहिलं. सोमवारी त्यांनी तिची निबंधाची वही परत मागितली. चाराच्या आधी एक लिहून त्याचे चौदा केले. शेरा खोडला आणि नवा लिहिला : 'पाहिले.'

दुसरी कुणी असती तर आनंदाने जागेवर बसली असती. ही म्हणाली, "दहा गुन कसले वाढले? निबंध त तोच हाय."

"बस खाली," सर म्हणाले. इतक्या मऊ आवाजात त्यांनी आम्हाला खाली बसायला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मॅट्रिकला निबंध आला, 'विज्ञान : शाप की वरदान'. तिने आईबद्दल लिहिलं. गावात पिठाची गिरणी आली, आईच्या हातांचे घट्टे गेले, आणि जात्याबरोबर ओव्याही गेल्या. आता आईला एकही पुरती आठवत नाही. आईला विचारलं, जातं परत पाहिजे का? आई म्हणाली, घट्टे नकोत. ओव्या नकोत का? आई पीठ चाळू लागली. 'म्हणून मला उत्तर येत नाही,' असं लिहून तिने पेपर दिला, आणि मराठीत नापास झाली.

मी पहिल्या वर्गात आले. मराठीत तर शाळेत पहिली. का, ते फक्त मला ठाऊक होतं. मी माझ्या पेपरात तिची रेडिओ ऐकणारी म्हातारी लिहिली होती. शुद्ध भाषेत, वर सुभाषित घालून. निकालाच्या दिवशी आम्ही खाडीच्या धक्क्यावर बसलो होतो. निकालाचा पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. शेवटी मी सांगून टाकलं. तिने विचारलं, "नमस्कार करते, ह्या लिवलास?"

"हो."

"तिचे दोन दात?"

"नाही लिहिले."

"मंग अर्धीच लिवलीस," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. पुढे धक्क्यावरून उठताना तिने माझा हात धरला, कारण शेवाळ होतं आणि मी घसरले असते.

ऑक्टोबरच्या परीक्षेला ती पास झाली. मी कॉलेजात गेले. तिला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली आणि ती दूर विदर्भात गेली. सुरुवातीला तिची कार्डं यायची. ट्रंक कॉलवर माणसं पहिली तीन मिनिटं 'ऐकू येतंय का' यातच घालवतात आणि खरं बोलायची वेळ आली की वेळ संपते, असं एकदा तिने लिहिलं होतं. मी उत्तरं सजवून पाठवायची. मग लग्न, बदली, मूल. कधी उत्तर राहून गेलं, कधी मनातच लिहून झालं. कार्डं थांबली.

आता मी शाळेत मराठी शिकवते. दर वर्षी चाळीस निबंध तपासते आणि चाळिसांतही मानव गगनात भरारी घेतो. गेल्या मे महिन्यात मुद्दाम मोरव्याला गेले. तिची आई वारली होती. भावाने चहा दिला, तिचा नवा पत्ता लिहून दिला, आणि म्हणाला, "ताई तुमचा नाव घेते हां कवाकवा." काय म्हणते, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पत्ता माझ्यापाशी आहे. पत्र लिहायला बसते, पण पहिलंच वाक्य नटूनथटून कागदावर येतं. ते वाचताना तिचा चेहरा कसा होईल ते मला दिसतं, आणि मी कागद फाडते. परवा पुन्हा बसले. 'तुझी खूप आठवण येते' एवढंच लिहिलं. ते खरं होतं. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच पाकिटात घातलं आणि टपालपेटीत टाकून आले.