पाचव्या बाटलीचे मार्क

चष्मेवाल्यांचा चेहरा देवाने परीक्षकाच्या कामासाठीच घडवला असावा. त्यावर काही म्हणजे काही उमटत नसे. दिवसभर दुकानात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारायचे, "आता बरं दिसतंय, की आधी?" आणि उत्तर काहीही आलं तरी "हं" म्हणायचे. घरीही तीच तऱ्हा. बायकोने भाजी वाढली की पहिला घास घेऊन डोळे मिटायचे, ती बिचारी डाव हातात धरून उभी, आणि मग निकाल लागायचा: "मीठ बरोबर आहे. आलं उशिरा पडलं." इतक्या वर्षांच्या संसारात "छान" हा शब्द काही त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही. ती म्हणायची, "अहो, मी भाजी वाढलीय, स्पर्धेला पाठवलेली नाही."

स्पर्धेचं तिच्या डोक्यात असणं साहजिक होतं. दरवर्षी एकदा घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांची स्पर्धा भरायची, आणि चष्मेवाले तिचे सर्वांत जुने परीक्षक. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नसायचं, नुसता नंबर. परीक्षकाने मात्र शेऱ्याखाली स्वतःची सही करायची. म्हणजे मार कुणी खाल्ला ते गुपित, मार कुणी दिला ते जगजाहीर. या पद्धतीनेच त्यांचा घात केला.

त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बिअर करायला त्याला चष्मेवाल्यांनीच शिकवलं. पोरगा हुशार, पण उतावळा. बाटल्या भरताना नळी वरच धरून धबाधबा ओतायचा. त्याने आत हवा जाते आणि काही महिन्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. एका वर्षी अशीच एक बाटली चष्मेवाल्यांच्या पुढ्यात आली. त्यांनी लिहिलं, "ओला पुठ्ठा. करणाऱ्याला धीर नाही." खाली झोकदार सही केली. कागद मेव्हण्याच्या हातात पडला आणि त्या दिवसापासून त्याने बहिणीचा उंबरा ओलांडला नाही. आईवडील आधीच गेलेले. भाऊ हेच तिचं उरलंसुरलं माहेर. "तुमच्या त्या पुठ्ठ्यापायी माझं माहेर गेलं," ती एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

यंदा स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिने त्यांचा सदरा स्वतः इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

"धाकट्याच्या बायकोचा फोन आला होता. त्यानं या वर्षी बाटली पाठवलीय. ती तुमची बार्लीवाइन का काय, अमेरिकन पद्धतीची."

"हं."

"मी काही म्हणत नाहीये."

बायको काही म्हणत नाही याचा अर्थ ज्याला कळत नाही, तो नवरा अजून नवा आहे. चष्मेवाले जुने होते.

बार्लीवाइन नावालाच वाइन, असते बिअरच. पण अशी दणकट की एका पेल्यात माणूस सत्य बोलू लागतो. त्यातून अमेरिकन पद्धतीची म्हणजे हॉप्सची कडू फुलं सढळ हाताने घातलेली. पेला नाकाशी नेला की पाइनच्या झाडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास थेट अंगावर यायला हवा. एवढी जहाल बिअर चाखली की जिभेला दुसरी चव कळत नाही, म्हणून ती दिवसाच्या अखेरीस. क्लबाच्या हॉलमध्ये टेबलावर पांढरा कागद, कोरडी बिस्किटं, पाण्याचे जग, उरलेलं ओतायला बादली. समोर जोडीदार परीक्षक बेकरीवाली. तिलाही चष्मेवाल्यांनीच तयार केलं होतं, चष्म्याचं पुठ्ठ्याचं खोकं पाण्यात भिजवून तिच्या नाकाला लावलं होतं, "हा वास जन्मात विसरायचा नाही."

पहिल्या दोन बाटल्या बऱ्या होत्या. तिसरीचा पेला त्यांनी तळव्यांत धरून जरा कोमट केला आणि हुंगला. ओला पुठ्ठा. त्याच्यामागे करपलेली साखर, घाईघाईने उकळलेली. हाच तो. इतक्या वर्षांत पठ्ठ्या तसूभर सुधारला नव्हता.

बाटली कुणाची ते ओळखलं तर पेला खाली ठेवायचा आणि टेबलावरून उठायचं, असा नियम होता. तो चष्मेवाल्यांनीच भांडून आणलेला. ते उठले नाहीत. पन्नासपैकी बेचाळीस मार्क लिहून त्यांनी सही केली. चेहरा अर्थातच कोरा.

बेकरीवालीने पंचवीस दिले होते. दोघांत सातपेक्षा जास्त फरक असला की बोलून तो मिटवावा लागतो.

"काका, बेचाळीस?"

"जुन्या मधासारखी छटा आहे."

"काका, हा पुठ्ठा आहे. तुम्हीच शिकवलात."

"मधसुद्धा पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो."

बेकरीवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. हे वाक्य आपण बोललो यावर चष्मेवाल्यांचाही विश्वास बसेना. शेवटी ते बत्तीसवर उतरले, ती सव्वीसवर चढली. बत्तिसाला बक्षीस सोडा, कुणी टाळीही वाजवत नाही. जन्मात एकदा वशिला लावला, तोही धड लागला नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोच्या इस्त्रीची त्याहून जास्त.

चौथी बाटली त्यांनी कर्तव्य म्हणून चाखली. पाचवीचा पेला उचलला तेव्हा मनात मेव्हणा नव्हता, बायको नव्हती, काहीच नव्हतं. रंग गडद तांबूस, फेस घट्ट. आधी पाइनचं झाड, मग संत्र्याची साल, मग भाजलेल्या पावाच्या कडेचा गोडवा. कडूपणा आला आणि निमूटपणे आपल्या जागी बसला. घशाखाली ऊब. कुठे घाई नाही. चष्मेवाल्यांनी पेन उचललं आणि जो शब्द संसारात कधी बोलले नाहीत तो लिहिला: "छान." मार्क सेहेचाळीस. बेकरीवालीचे पंचेचाळीस.

संध्याकाळी स्पर्धेचे प्रमुख, निवृत्त जमीन-मोजणीदार, व्यासपीठावर चढले आणि पाचव्या बाटलीचं नाव वाचलं. मेव्हणा उठला. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. कप घेतला, शेऱ्याचा कागद घेतला, खालची सही वाचली आणि तडक चष्मेवाल्यांपुढे येऊन उभा राहिला.

"घ्या तुमचा कप, भावजी. ताईनं सांगितलं असणार, तुम्ही ओळखलंत आणि दया दाखवलीत. मला तुमची भीक नको."

"मी ओळखली नाही."

"तुम्ही? तुमचं नाक? खोटं बोलू नका."

त्याने कप टेबलावर ठेवला आणि तो दाराकडे निघाला. हा आता गेला की कायमचा गेला, हे चष्मेवाल्यांना स्वच्छ दिसलं. त्यासाठी भिंग लागत नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. आवाज हॉलभर गेला. "मी तिसरी बाटली तुझी समजलो होतो. ओळखून उठलो नाही. बेचाळीस दिले, या बाईंशी खोटं भांडलो. वशिला लावला तो तिथे. पाचवी कुणाची ते मला ठाऊक नव्हतं."

बेकरीवालीने कपाळाला हात लावला.

"तुमचं नाव यादीतून काढावं लागेल," मोजणीदार हळू आवाजात म्हणाले.

"काढा."

"तिसरी माझी होती," कोपऱ्यातून दातांचे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे माझे ते बत्तीस..."

"पंचवीसच धरा," चष्मेवाले म्हणाले.

मेव्हणा परत आला. तिसऱ्या बाटलीत तळाशी थोडी उरली होती, ती त्याने हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"ही तुम्हाला माझी वाटली? मी एवढी वाईट करतो?"

"करायचास."

"आणि पाचवी?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. सवयच ती. "पाचवी तुझी असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चुकलं माझं. तेव्हाही 'धीर नाही' असं लिहायला नको होतं."

मेव्हण्याने खुर्ची ओढली आणि बसला. कपाची कड तो अंगठ्याने पुसू लागला. चष्मेवाल्यांनी घरी फोन लावला आणि बायकोने उचलताच तो मेव्हण्याच्या हातात दिला.

"ताई, मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा रोजचा, रागावल्यासारखा सूर: "जेवलास का?"

मेव्हण्याच्या शर्टावर सँडविचचा चुरा होता. तासाभरापूर्वी त्याने दोन खाल्ले होते, हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिले होते.

"नाही गं," तो म्हणाला.