आमच्या घरावर पडलेली रेड

आमच्या घरावर रेड पडली, आणि ती मीच फोन करून बोलावली होती.

मुरुमच्या शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. (मुलंच मला शिकवतात असंही काही जण म्हणतात.) घरच्या कॉम्प्युटरची डिस्क महिनाभर टकटक करत होती आणि प्रत्येक टक्‌ला मी धावत जाऊन कॉम्प्युटर बंद करत होतो. ताईच्या लग्नाचं शूटिंग फक्त तिच्यातच होतं. ताईचे सासरे गेल्या वर्षी वारले. ते हलगीवर नाचतानाचं एवढं एकच चित्रण. वर्षश्राद्धाला सगळ्यांना दाखवायचं म्हणून ताई ते न्यायला येणार होती. मी घाबरून रेड कार्ड बसवायचं ठरवलं. हे कार्ड असलं की प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर सारखी लिहिली जाते. एक मेली तरी दुसरी असते.

ताई यायच्या आदल्या संध्याकाळी मी जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि उमरग्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या रफिकभाईंना फोन केला. "उद्या दहाला या. रेड टाकूनच घेऊ. घरातलं सगळं त्या जुन्या डिस्कमध्ये आहे. ती हातात आली की झालं."

मागं आमचे वडील, अण्णा, शेंगा फोडत बसले होते. अण्णा निवृत्त तलाठी. उभ्या नोकरीत कुणाचा चहा फुकट प्याले नाहीत, पण 'रेड' म्हणजे लाचलुचपतवाल्यांची धाड, हा शब्द ऐकला की अजून दाराला कडी घालतात. हे मला ठाऊक होतं. ते मागं बसलेत हे मात्र विसरलो.

सकाळी टेबलावर डिस्क नव्हती.

मी टेबलाखाली शोधलं, कपाटात शोधलं, शेवटी फ्रीजमध्येही शोधलं. (माणूस घाबरला की काहीही उघडतो!) तेवढ्यात रफिकभाई आले. इस्तरीचा शर्ट, काखेत काळी बॅग. अण्णा उठून उभे राहिले.

"कार्ड आणलंय ना?" मी विचारलं.

साहेब लोक ओळखपत्र दाखवतात तसं रफिकभाईंनी बॅगेतून कार्ड काढून दाखवलं. अण्णांचा चेहरा उतरला.

"बसा साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरात काय बी न्हाय."

"डिस्क तर असंल की चाचा. तिच्याबिगर कसं व्हायचं?"

"असली डिस्क आमी बघितली बी न्हाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांना आत नेऊन मी रेड म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी दारातून रफिकभाईंकडं दोनदा वाकून पाहिलं, मग माझ्या कानाशी आले. "ज्वारीच्या डब्यात खुपसलीया. पार तळाला."

"संगीता, ज्वारीचा डबा कुठाय?" मी बायकोला विचारलं.

"दळायला दिलाय सकाळीच. ताई यायच्यात, भाकरी नकोत का?"

एका मोटारसायकलवर अण्णा, रफिकभाई आणि मी असे तिघं गिरणीकडं निघालो. गिरणीची घरघर चौकातूनच ऐकू येत होती. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. दाजींना काय सांगायचं? तुमच्या वडलांचं पीठ झालं?

गिरणीवाल्या शिवप्पांनी आम्हाला पाहून मशीन बंद केलं. "मास्तर, ज्वारीत खिळे येत्यात म्हणून वर लोहचुंबक लावलंय. आज लई मोठा खिळा घावला."

डिस्क चुंबकाला चिकटून बसली होती. शाळेत माझा पहिलाच धडा असतो: डिस्क चुंबकापासून लांब ठेवा.

घरी आल्यावर रफिकभाईंनी ती जोडली. टक. टक. टक. अण्णांनी डोळे मिटले, मीही मिटले. मग हलगी वाजली. मी डोळे उघडले तेव्हा ताईचे सासरे टोपी सावरत नाचत होते. दुपारी ताईनं ते चारदा पाहिलं आणि चारदा रडली.

आता ते चित्रण रफिकभाईंनी कार्डासोबत बसवलेल्या दोन्ही नव्या डिस्कवर आहे. जुनी अण्णांनी मागून घेतली. "तुझ्या मशिनीचा भरवसा न्हाय," म्हणाले, आणि कुठंतरी ठेवून आले. कुठं, ते सांगत नाहीत. फक्त गिरणीला डबा जायच्या आधी सगळी ज्वारी परातीत ओतून तपासायचं काम घरानं एकमतानं कॉम्प्युटरच्या मास्तरांकडं दिलंय.