एक चप्पल नवागामला, एक अमळनेरला

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायाचं आहे. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. तर, माझ्या दिराचा साखरपुडा विज्ञानामुळे मोडता मोडता राहिला.

आम्ही राहतो नवागामला, नवरी अमळनेरची. साखरपुड्याला तिकडे घरातले थोरलेच जाणार होते. नवरदेवाला, म्हणजे राजूभाऊजींनाच, लूमच्या कारखान्यातून सुट्टी नव्हती. निघायच्या सकाळी ते पेपर नाचवत आले.

"वहिनी! परदेशात एका प्रकाशकणाची अवस्था लांबच्या कणावर उतरवली! क्वांटम टेलिपोर्टेशन! मध्ये वायर नाही, काही नाही!"

"म्हणजे भाऊजी, आता एसटीडी बूथ बंद?"

"आधी एकमेकांत गुंतलेल्या कणांची जोडी लागते. एकाकडे बघितलं की दुसऱ्याचं कळतं, कितीही लांब असो! हे बघा." त्यांनी नवरीसाठी घेतलेल्या चपलाच काढल्या. "डोळे मिटा, दोन पिशव्यांत एकेक टाका." (खरे कण याहून विचित्र म्हणे. बघेपर्यंत डावं-उजवं ठरलेलंच नसतं! मला घामच फुटला.)

मी टाकल्या. तेवढ्यात सासरे ओरडले, "चाला रे! गाडी चुकी जाई!" घाईत मी एक पिशवी त्यांच्या हातात दिली. ते गेले. भाऊजीही पाळीवर पळाले.

दुपार कलल्यावर बघते तर खुंटीला दुसरी पिशवी! उघडली. डावी चप्पल! त्याच क्षणी मला कळलं, उजवी अमळनेरला! वायर नाही, काही नाही!

नवरीला एकच चप्पल? आता कसली सोयरीक टिकते!

जन्मात फोनला हात लावला नव्हता, तरी बूथ गाठला. नवरीच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर लावून घेतला. "थांबा, बोलावतो," म्हणून दुकानदार गेला तो गेलाच. मीटर धावतंय! शेवटी "हॅलो" आलं, तर माझी वाचाच बसलेली.

बूथवाले काका ओरडले, "बेन, बोलो ने! मीटर चाले छे!"

"डावी... डावी चप्पल इथंच राहिली हो!" मी रडूच लागले.

"ठाऊक आहे, वहिनी!" पलीकडे नवरीच हसत होती. "उजवी दिसली तेव्हाच कळलं. आईने तोंड पाडलं, पण मी म्हटलं, डावी लग्नात नवरदेवच आणतील. झालासुद्धा साखरपुडा!"

बिल ब्याण्णव रुपये. पदराला अकरा! उरलेले काकांनी वहीत उधार मांडले.

रात्री भाऊजींनी बातमीची शेवटची ओळ वाचली: तरीही दुसऱ्या टोकाला साधा निरोप पाठवावाच लागतो.

"ही ओळ सकाळी वाचायला काय झालं होतं?"

"गाडीची घाई होती ना, वहिनी!"

दोन महिने मजुरीवर साड्यांना टिकल्या लावल्या. शेवटचा रुपया ठेवला तेव्हा काकांनी वहीत रेघ मारली. नवरीला आधीच ठाऊक असलेली बातमी नवरीला कळवण्याचे सगळे पैसे फिटले एकदाचे!